हिप-हॉप नाचाचे सिनेमे : गोष्ट तीच, पण पाय दिसतात का?

लादीवरचा | शनिवार, रात्री ११:४०

परवा टीव्हीवर 'स्टेप अप २: द स्ट्रीट्स' लागला होता. बायको म्हणाली, "परत? शेवटी पावसात नाचतात तोच ना हा?" तोच. मी रिमोट उशीखाली सरकवला आणि पाऊस पडेपर्यंत जागलो.

या जातीचे सिनेमे मी वीसेक वर्षं बघतोय आणि गोष्टीसाठी एकदाही बघितलेले नाहीत. गोष्ट पाठ आहे. वस्तीतला पोरगा, नाचाच्या शाळेत बॅले शिकणारी पोरगी, कोर्टाने शिक्षा म्हणून त्याला त्याच शाळेत साफसफाईला धाडलेलं (हा पहिला 'स्टेप अप', २००६, बाल्टिमोर). आधी तोंडं दोन दिशांना, मग सराव, मधे रुसवाफुगवी, शेवटी टाळ्या. 'यू गॉट सर्व्ह्ड' (२००४) मध्ये बॅले नाही, बाकी मसाला तोच.

मी बघतो ते एवढंच: नाचणाऱ्याचे पाय चौकटीत आहेत का, आणि कॅमेरा एका जागी किती वेळ दम धरतो.

उदाहरण देतो. बी-बॉयिंगमधली, म्हणजे जमिनीवरच्या ब्रेकडान्समधली, सिक्स-स्टेप. हात जमिनीला टेकून पायांनी स्वतःभोवती एक गोल काढायचा, सहा पावलांत. सगळी मजा वजन या हातावरून त्या हातावर नेमकं कधी गेलं त्यात असते. आता दिग्दर्शकाने तिसऱ्या पावलाला हिरोइनीचा थक्क चेहरा दाखवला, चौथ्याला बूट आणि पाचव्याला डीजेची टोपी, की उरलेला गोल आपण आपला मनात काढायचा. कबड्डीत चढाई करणारा मधल्या रेषेला हात लावतोय आणि कॅमेरा पंचांच्या शिट्टीवर, तसला प्रकार.

उलट 'राइझ' (२००५) बघा. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातल्या क्लाउनिंग (विदूषकासारखं रंगून नाचणं) आणि क्रम्पिंग (त्यातूनच निघालेला आक्रमक नाच) करणाऱ्या पोरांवरची डॉक्युमेंटरी. सुरुवातीलाच पाटी येते की यातल्या चित्रीकरणाचा वेग कुठेही वाढवलेला नाही. पाच मिनिटांत कळतं ही पाटी का लावावी लागली. छाती, खांदे, मान यांचे झटके इतके भराभर येतात की प्रोजेक्टर बिघडलाय असं वाटावं.

आणि फसवणुकीचा बादशहा म्हणजे 'फ्लॅशडान्स' (१९८३). शेवटच्या ऑडिशनमध्ये नायिका जमिनीवर पाठ टेकून गरगर फिरते ना, ती नायिका नाहीच. तो रॉक स्टेडी क्रू या न्यूयॉर्कच्या ब्रेकडान्सवाल्या ग्रुपचा क्रेझी लेग्ज, विग घालून! त्याच सिनेमात मिनिटभर या क्रूची पोरं रस्त्यावर नाचताना दिसतात, आणि त्या मिनिटाने ब्रेकडान्स जगभर पोचवला. मुख्य नाचाला आणखी वेगळी डबल होती. म्हणजे पाय एकीचे, पाठ एकाची, चेहरा तिसरीचा.

तर तुमचे 'पाय दिसणारे' सिनेमे सांगा. हिंदी-मराठी काहीही चालेल.

तिरकस | शनिवार, रात्री ११:५८

पाय दिसतात ते बूट विकायला, एवढं सोपं आहे.

आणि एक राहिलं तुमचं: बिल्डर! 'ब्रेकिन' २: इलेक्ट्रिक बूगालू' (१९८४) मध्ये पोरांचं समाजमंदिर पाडून बिल्डरला दुकानं काढायची असतात. 'स्टेप अप रेव्होल्यूशन' (२०१२) मध्ये मायामीतली वस्ती उठवून हॉटेल. दोन्हीकडे उपाय एकच, नाचा. आमच्या चाळीचा पुनर्विकास चौदा वर्षं रखडलाय. कोणाला विंडमिल (पाय फाकवून पाठीवर गरगर फिरणं) येत असेल तर बिल्डरच्या ऑफिसचा पत्ता देतो.

कॅसेटवाला | रविवार, सकाळी ७:१५

तिरकसराव, चहा सांडला.

आमचा काळ व्हिडिओ पार्लरचा. १९८५-८६ असेल. चाळीतल्या एकाने व्हीसीआर भाड्याने आणला, डोई दोन रुपये काढले आणि रात्रभरात तीन सिनेमे बघितले. त्यातला मधला 'ब्रेकिन'' (१९८४). पहिला कुठला होता ते आज कोणालाच आठवत नाही. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यात एक पोरगा दुकानाबाहेर झाडू मारता मारता नाचतो. बूगालू श्रिम्प त्याचं नाव, मागे क्राफ्टवेर्कचं गाणं. सांधे नसल्यासारखा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहतो. पाय जागेवरून उचललेले दिसत नाहीत आणि माणूस सरकतोय! आम्ही ती जागा सात वेळा मागे नेऊन बघितली, शेवटी कॅसेटवाल्याने टेप खराब होईल म्हणून दम दिला. (माझं इथलं नाव त्याच्यावरून.)

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या केरसुणीवर तोच प्रयोग केला. केरसुणीला दांडा नसतो हे तेव्हा ध्यानात आलं. वर लक्ष्मीला पाय लावला म्हणून आईकडून मार.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या रेकॉर्ड डान्स स्पर्धेत आम्ही तिघे उतरलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजचं खोकं मागून आणलं, उलगडून मंडपात अंथरलं. माझा मित्र पाठीवर फिरायला गेला आणि खोक्यासकट घसरत पहिल्या रांगेत, परीक्षक म्हणून बोलावलेल्या शाळेच्या बाईंच्या पायाशी जाऊन थांबला. बाईंनी त्याला उत्तेजनार्थ दिलं. पहिला नंबर कोळीनृत्याला.

लादीवरचा, तुमच्या चाळणीतून तो सिनेमा पास होतो हो. अभिनय म्हणाल तर शाळेच्या गॅदरिंगचा, पण नाचताना माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतो.

न्यूजर्सीकर | रविवार, सकाळी ९:०२

काका, मस्त! थोडी भर घालतो, कारण इथे 'ब्रेकडान्स' म्हणून सगळं एका पिशवीत जातंय.

तुमच्या बूगालू श्रिम्पचं ते पॉपिंग, वेव्हिंग (स्नायूंना झटके देणं, अंगातून लाट सोडणं). ते पश्चिम किनाऱ्याचं, कॅलिफोर्नियाचं. फ्रेस्नोच्या बूगालू सॅम आणि त्याच्या मंडळींनी वाढवलेलं, फंक संगीतावरचं. लॉकिंग (नाचता नाचता अंग मधेच जागच्या जागी अडकवणं) लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं. जमिनीवरचं सगळं, म्हणजे फुटवर्क (हात टेकून पायांचं काम), फ्रीझ (अवघड पोझमध्ये गोठणं), हेडस्पिन (डोक्यावर फिरणं), हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचं. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली आणि रेकॉर्डी लावायला भावाला बसवलं, तिथून हिप-हॉपची जन्मतारीख धरतात. हर्कने बघितलं की गाण्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर, 'ब्रेक'वर, पोरं पेटतात. म्हणून दोन तबकड्यांवर तोच तुकडा तो पुन्हापुन्हा लावायचा. ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल.

म्हणूनच १९८४ चे दोन सिनेमे शेजारी ठेवून बघावेत. 'ब्रेकिन'' कॅलिफोर्नियाचा, उन्हाचा, रंगीत पट्ट्या बांधलेला. 'बीट स्ट्रीट' ब्राँक्सचा, थंडीचा, पडक्या इमारतींचा. त्यातली रॉक्सी क्लबमधली रॉक स्टेडी क्रू विरुद्ध न्यूयॉर्क सिटी ब्रेकर्स ही बॅटल (दोन क्रूंची आमनेसामने नाचाची झुंज) अजून कोणी मागे टाकलेली नाही. दोन्हीकडची पोरं खरी, सिनेमात क्रूंची नावं तेवढी वेगळी. कॅमेरा गर्दीत उभ्या माणसासारखा बघत राहतो.

लाइपझिगचा पाहुणा | रविवार, दुपारी १:३०

'बीट स्ट्रीट'चा विषय निघालाच आहे म्हणून. मी नोकरीनिमित्त पूर्वीच्या पूर्व जर्मनीत राहतो. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने १९८५ मध्ये हा सिनेमा थेटरांत लावू दिला. हेतू असा की भांडवलशाहीत काळ्या गरिबांचे काय हाल होतात ते तरुणांनी बघावं. तरुणांनी हाल बघितलेच नाहीत, हेडस्पिन बघितले. गावोगाव चौकात पोरं डोक्यावर फिरायला लागली. मग सरकारने त्यांना बंदी घालण्यापेक्षा कार्यक्रमाचे परवाने देऊन आपल्या छत्राखाली घेतलं.

माझ्या ऑफिसातले पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ पार्टीत दोन बिअरनंतर अजून लॉकिंग करतात. एरवी ते अकाउंट्स बघतात.

तिरकस | रविवार, दुपारी १:४४

म्हणजे सरकारी अनुदानावर ब्रेकडान्स. साहित्य संमेलनात घ्या आता.

दादरची | रविवार, दुपारी ४:१०

लादीवरचा, तुमच्या चाळणीत 'ये बॅले' (२०२०) टाकून बघा. दिग्दर्शन सूनी तारापोरवाला. मुंबईतली दोन गरीब घरची पोरं, रस्त्यावरच्या नाचातून बॅलेकडे गेलेली, आणि परदेशी खडूस मास्तर. विषय थोडा बाजूचा आहे, पण ज्या दोघांवर तो बेतलाय त्यांपैकी मनीष चौहान स्वतःच पडद्यावर आहे. त्यामुळे डबल नको, विग नको, कॅमेऱ्याला लपवालपवी नको. तो उडी मारतो तेव्हा जमीन सोडण्यापासून जमिनीला लागेपर्यंत एकच माणूस असतो. तुमच्या 'फ्लॅशडान्स'च्या बरोब्बर उलट.

मराठीत मात्र या विषयावर सांगावंसं काही सुचत नाही. 'एकापेक्षा एक'मध्ये सचिन पिळगांवकर महागुरू म्हणून बसायचे, तेव्हा गावोगावची पोरं येऊन काय काय करून जायची. त्यातल्या एकावर कोणाला सिनेमा सुचू नये?

सोपारा_फास्ट | रविवार, रात्री १०:२५

आजवर नुसता वाचत होतो. हा धागा बघून लॉगिनचा पासवर्ड शोधला.

मी नालासोपाऱ्याचा. नऊ वर्षं क्रूमध्ये नाचलो, आता लहान मुलांचे क्लास घेतो. 'एबीसीडी'चं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं. दोन्हीबद्दल लिहितो, कारण दोन्ही वेगळे आहेत.

पहिला (२०१३) रेमो डिसूझाचा, प्रभुदेवा मास्तर. त्यात सलमान युसूफ खान, धर्मेश, पुनीत, राघव हे सगळे 'डान्स इंडिया डान्स'मधून आलेले. अभिनय कच्चा आहे, मान्य. पण धर्मेश नाचताना कॅमेऱ्याला कापाकापी करायची गरज पडत नाही. आणि शेवट! फायनलच्या रात्री समोरचा श्रीमंत ग्रुप त्यांचाच अॅक्ट चोरून आधी करून मोकळा होतो. आमच्यात याला 'बायटिंग' म्हणतात, सगळ्यात मोठी शिवी. ऐनवेळी हातात काही नाही, तेव्हा ही डोंगरीची पोरं गणपती नाचतात. थेटरात माझ्या बाजूचा काका उभा राहून नाचायला लागला. लोकांना तो शेवट फिल्मी वाटतो. मला नाही वाटत. आमच्यातले निम्मे नाच शिकले तेच मुळात विसर्जनाच्या मिरवणुकीत. ढोलाचा ठेका बदलला की पाय आपोआप बदलतात, हे कोणी क्लासमध्ये शिकवलेलं नाही.

दुसरा (२०१५) आमच्याच गावच्या सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरोच्या ग्रुपवर. खरी गोष्ट अशी: ग्रुपचं नाव फिक्टिशियस. २०११ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले. २०१२ मध्ये लास व्हेगासला वर्ल्ड हिप हॉप डान्स चॅम्पियनशिपला गेले. सिनेमा यावरच बेतलाय. पण पडद्यावर मधे वरुण धवन आणि श्रद्धा कपूर. मेहनत केलीय दोघांनी, खोटं बोलणार नाही. पण लादीवरचा म्हणतात तेच होतं. अवघड जागा आली की कॅमेरा वर जातो, नाहीतर थ्रीडी म्हणून काहीतरी अंगावर येतं.

आणि गंमत ऐका. सिनेमा लागला जूनमध्ये. खरी पोरं, आता किंग्ज युनायटेड नावाने, त्याच ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला जाऊन ब्राँझ घेऊन आली. म्हणजे खरा क्लायमॅक्स सिनेमा उतरल्यावर. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली, फायनलला शंभरपैकी शंभर, बक्षीस दहा लाख डॉलर. यावर कोणी तिसरा भाग काढला नाही. तिसरा म्हणून आला तो 'स्ट्रीट डान्सर थ्रीडी' (२०२०), तो थेट लंडनला गेला.

सिनेमात जे कधीच दाखवत नाहीत ते सांगू? जागा. नाचायला जागा कुठाय? आम्ही स्टेशनजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीपुढे रात्री अकरानंतर करायचो, शटरच्या काचेत स्वतःला बघत. वॉचमनला रोज एक कटिंग. लादी खरखरीत, हेडस्पिनला डोक्याचे केस जातात, आमच्यातल्या दोघांना टाळूवर रुपयाएवढं टक्कल आहे. मग फ्लेक्स सापडला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे होर्डिंग उतरवले की ते कोणाचेच नसतात. वीस बाय दहाचा एक फ्लेक्स म्हणजे आमचं स्टेज. त्यावर विंडमिल काय सुटते! कित्येक भावी आमदारांच्या कपाळावरून फिरलोय.

दुसरं, पैसे. एकदा एका आयोजकाने पुण्याच्या पुढे स्पर्धा ठेवली, पहिलं बक्षीस पन्नास हजार. आम्ही जिंकलो. थर्माकोलचा मोठा चेक हातात देऊन फोटो काढला. खरा चेक आजतागायत यायचाय. थर्माकोलचा अजून माझ्या पोटमाळ्यावर आहे, आई त्यावर पापड वाळत घालते.

कॅसेटवाला | रविवार, रात्री १०:५१

सोपारा, तुमचा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे. टकलाचं वाचून माझा हात आपोआप डोक्यावर गेला. (माझं वयामुळे.)

लादीवरचा | रविवार, रात्री ११:२०

सोपारा, एक विचारतो. प्रत्यक्ष बॅटल बघणं आणि पडद्यावर बघणं यात तुम्हाला काय फरक वाटतो?

सोपारा_फास्ट | सोमवार, रात्री १२:०५

२०१९ च्या नोव्हेंबरात रेड बुल बीसी वन या एकास एक ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक फायनल वरळीला झाली. मी होतो. नेदरलँड्सचा मेनो जिंकला, तिसऱ्यांदा. तो पॉवरमूव्हवाला नाही, गरागरा फिरत नाही. एक पाय टाकतो आणि असा थांबतो की आता पडणार वाटतं, आणि तिथूनच पुढची स्टेप काढतो. घरी येऊन तेच राउंड व्हिडिओवर बघितले तर तो थांबा अर्धाच राहिलेला, कारण कॅमेरा जजच्या तोंडावर गेला होता. सिनेमावाल्यांना थांबण्याची भीती वाटते. नाचणाऱ्याला थांबता आलं पाहिजे, फ्रीझ म्हणजे दुसरं काय.

न्यूजर्सीकर | सोमवार, सकाळी ६:४०

याचा पक्का पुरावा एकाच माणसाच्या दोन सिनेमांत आहे. बेन्सन ली. २००७ मध्ये त्याने 'प्लॅनेट बी-बॉय' ही डॉक्युमेंटरी काढली, तेव्हा जर्मनीत होणाऱ्या 'बॅटल ऑफ द इयर' स्पर्धेवर. कोरिया, जपान, फ्रान्स, अमेरिका इथले क्रू. जबरदस्त आहे. मग हॉलिवूडने त्यालाच मोठं बजेट देऊन 'बॅटल ऑफ द इयर' (२०१३) करून घेतला. नाचणारे तसेच तयारीचे. पण मधे एक दारुडा प्रशिक्षक आला, त्याची भाषणं आली आणि एक एक मूव्ह चार चार तुकड्यांत आली. साफ आपटला.

निळूची आई | सोमवार, दुपारी २:३५

मी इथे एरवी पाककृतींच्या विभागात असते. मुलाने लिंक पाठवली म्हणून आले.

निळू बारावीला आहे. गेली तीन वर्षं हे बी-बॉयिंग चालू आहे. पहिल्या वर्षी मनगट मोडलं, दुसऱ्या वर्षी बाबांशी बोलणं मोडलं. मनगट जुळलं. मला काहीच कळत नाही यातलं. सिनेमे त्याने दाखवले दोन-तीन, पण त्यात आया नसतातच. किंवा शेवटच्या पाच मिनिटांत डोळे पुसत येतात.

न्यूजर्सीकरांनी लिहिलेला 'प्लॅनेट बी-बॉय' मात्र बघितला होता. त्यात कोरियाची मुलं आहेत, सगळी विशीतली, आणि पुढे सक्तीची लष्करी नोकरी उभी. तेवढ्या दिवसांत काय करायचं ते करून घ्यायचं. आणि त्यातल्या एकाचे वडील. त्यांना हे पटलेलं नाही, पण समोर कॅमेरा आहे म्हणून नीट बोलतायत. आमच्या ह्यांचा चेहरा पाहुण्यांसमोर अस्सा होतो. निळूच्या बाबांनी ते येताजाता उभ्या उभ्या बघितलं आणि "जेवायला वाढ" म्हणाले. पण बसून जेवले ते टीव्हीसमोर.

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला तेव्हा निळूने बाबांना आवर्जून बोलावलं होतं. जपानच्या आमीला सुवर्ण मिळालं ते दोघांनी मिळून बघितलं. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो खेळ नाही म्हणे. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सोपारा_फास्ट, तुम्हाला एक विचारायचं होतं. तो गच्चीवर करतो, सिमेंटचा कोबा आहे. गुडघे बघवत नाहीत. ते फ्लेक्सचं कापड कुठे मिळतं? विकत घ्यायची तयारी आहे.

दादरची | सोमवार, दुपारी ३:०२

निळूची आई, बाबा टीव्हीसमोर जेवले म्हणजे अर्धी लढाई झाली.

सोपारा_फास्ट | सोमवार, संध्याकाळी ७:४८

ताई, विकत अजिबात घेऊ नका. मंडपवाल्याला किंवा बॅनर छापणाऱ्याला विचारा, उतरवलेले ढिगाने पडलेले असतात, पावसाळ्यात ताडपत्री म्हणून लोक नेतात. निवडणूक होऊन गेली असेल तर मोठ्ठे मिळतील. खाली जुनी सतरंजी किंवा दुकानातलं खोकं अंथरा, त्यावर फ्लेक्स, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. ती दर आठवड्याला बदलायची, नाहीतर कड उचलते आणि त्यातच पाय अडकतो. आठवडाभर सवय होईपर्यंत हेडस्पिन नको म्हणा त्याला, फक्त फुटवर्क. गुडघ्याला क्रिकेटचे नकोत, व्हॉलीबॉलचे पॅड घ्या, मऊ असतात. डोक्याला माकडटोपी.

आणि छापील बाजू खाली. वर ठेवली तर घामाने रंग सुटतो. आमच्या क्रूमधला एकजण आठवडाभर पाठीवर 'आपलाच माणूस' घेऊन कॉलेजला जात होता.

तिरकस | सोमवार, संध्याकाळी ७:५५

माझ्याकडे आमच्या बिल्डरचा भूमिपूजनाचा फ्लेक्स आहे. चौदा वर्षं जुना, तीस बाय पंधरा, कोरा करकरीत. निळूला फुकट पाठवतो. छापील बाजू वर ठेवली तरी माझी हरकत नाही.